एका कप्प्यासाठी घोडदळ

माझ्या घरात मला स्वतःचा कप्पा नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. कपाटाचे वरचे कप्पे बायकोचे. मधला मुलीचा, ती शिकायला बाहेरगावी असते, पण तिचा कप्पा इथेच राहतो. खालच्यात इस्त्रीची वाट बघणारे कपडे, आणि अगदी तळाशी व्हॅक्यूम क्लीनर, जो कधीच बिघडला आहे. बिघडलेल्या व्हॅक्यूम क्लीनरला या घरात जागा आहे, घरातल्या कर्त्या पुरुषाला नाही. राहता राहिलं बैठकीच्या खोलीतलं काचेचं शोकेस. त्यात माझ्या मेहुणीनं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीनं दिलेला चिनी मातीचा टी-सेट ठेवला आहे. त्या कपांतून आजवर कुणी चहा प्यायलेलं नाही. तो बघायचा सेट आहे.

म्हणून माझं सैन्य बुटांच्या खोक्यांत, पलंगाच्या पोटात राहायचं.

सैन्य म्हणजे धातूचे छोटे शिपाई. बोटाच्या पेराएवढे. ते विकत आणायचे, घासायचे, रंगवायचे, चकतीवर चिकटवायचे, आणि मग मोठ्या टेबलावर समोरच्याच्या सैन्याशी लढवायचे. फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजायचं, आणि हरलं तर चेहरा पाडायचा नाही. पन्नाशीच्या माणसानं हे करावं का, असा प्रश्न काही लोकांना पडतो. त्या लोकांचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

तर एका सकाळी बायको पलंगातून रजई काढायला गेली आणि जोरात ओरडली.

"अहो, हे काय टोचलं?"

"भाला असणार. जपून, वाकेल तो."

"मी मरते इथे आणि तुम्हाला भाल्याची काळजी!"

"मरत नाही कुणी त्यानं. रोमन भाला आहे, पण पितळेच्या तारेचा आहे."

हे मी बोलायला नको होतं. बायकोनं अंगठा तोंडात धरून तिथल्या तिथे निकाल दिला. तुमच्या त्या क्लबात मोठं कपाट आहे म्हणता ना, तिथे ठेवा हे सगळं. या महिन्यात खोकी हलली तर ठीक, नाहीतर भंगारवाला दर रविवारी खालून हाका मारत जातोच.

आता क्लबाचं सांगतो. आमचा क्लब स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. तिथे भिंतभर कपाट आहे, त्याला काचेची दारं आहेत, आतून दिवे आहेत, आणि प्रत्येक सभासदाला त्यात एक कप्पा मिळतो. सभासदाला. मी होतो उमेदवार. इतकी वर्षं उमेदवार की माझ्यानंतर आलेले दोघं सभासद झाले, कंटाळले आणि क्लब सोडूनही गेले. सभासद व्हायचं तर एक अख्खी लढाई स्वतःच्या हातानं रंगवलेल्या फौजेनिशी लढावी लागते. एकही शिपाई बिनरंगाचा चालत नाही, एकही चकतीशिवाय चालत नाही, आणि माझी खोक्यांतली फौज कायम अर्धवट रंगलेली. चकतीही नुसती चालत नाही, तिच्यावर माती, गवत, दगड असं काहीतरी दिसलं पाहिजे. यावर देखरेख ठेवायला एक पंच आहेत. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले, पण मोजणं काही निवृत्त झालं नाही. जिना चढतानासुद्धा ते पायऱ्यांची रुंदी नजरेनं तपासतात.

आणि क्लबाचा सगळ्यात ज्येष्ठ सभासद कोण? माझा साडू. त्याच त्या टी-सेटवाल्या मेहुणीचा नवरा.

साडू हे नातं मोठं विचित्र. भाऊ नाही, मित्र नाही, पण जन्मभराची तुलना आहे. त्याचा फ्रिज आमच्यापेक्षा एक दार जास्तीचा. त्याची गाडी आमच्यापेक्षा हातभर लांब. त्याचे केससुद्धा अजून त्याच्याकडेच आहेत. त्याची फौज इराणी, हत्तींसकट. आणि सेनापती सगळ्यात मोठ्या हत्तीवर बसलेला. गेल्या वर्षी आमच्या क्लबातल्या औषधाच्या दुकानदारानं लढाई चालू असताना धूळ फुंकायला म्हणून आपला सेनापती क्षणभर उचलला. झालं! साडूनं नियम काढला: सेनापती टेबलावरून उचलला गेला तर तो पळाला असं समजावं आणि त्याची फौज मोडली असं धरावं. बिचारा औषधवाला म्हणाला, "अहो, पण धूळ होती." साडू म्हणाला, "कारणं ऐकत बसलो तर लढाया व्हायच्या कशा?" पंचांनी मान डोलावली. औषधवाला जिंकत आलेली लढाई हरून घरी गेला.

या साडूसमोर, जेवणाच्या भर पंगतीत, मी बोलून बसलो की महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझं घोडदळ टेबलावर दिसेल. साडूनं हातातलं क्रीमचं बिस्किट उघडलं, आतलं क्रीम चाटलं (जेवणानंतरही त्याला ते लागतं) आणि म्हणाला, "दिसेल तर! मीच लढतो तुझ्याशी." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कप्पा, भंगारवाला आणि तिची थोरली बहीण, सगळं होतं.

मी मागवलं होतं उत्तरकाळातलं रोमन घोडदळ. रोमन म्हटलं की लोकांना लाल घागरा आणि चपला आठवतात. हे तसले नव्हेत. हे शेवटच्या काळातले. हे पूर्ण पँट घालतात, लांब बाह्यांचा अंगरखा घालतात, आणि यातल्या काही घोड्यांनाही माशासारखं खवल्याखवल्यांचं चिलखत असतं. बायकोनं चित्र बघून एवढंच म्हटलं, "चला, यांना निदान कपडे तरी आहेत."

पार्सल आलं आणि अडकलं. पार्सल कचेरीतल्या माणसानं चष्म्यातून कागद वाचला.

"रोमन घोडदळ, चौथं शतक. असं लिहिलंय इथे. पुरातन वस्तूंना पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो."

"अहो, हे गेल्याच महिन्यात ओतलेत."

"मग चौथं शतक कशाला लिहिलं?"

"घोडेस्वार चौथ्या शतकातले आहेत. धातू आत्ताचा आहे."

"म्हणजे नकली."

"नकली नाहीत हो, नमुने आहेत."

"नकली पुरातन वस्तू. त्याची खिडकी वेगळी." आणि त्यानं पार्सल मागच्या मागे सरकवलं.

वेगळ्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, खेळणं आहे का? मी हो म्हणालो. त्यांनी खोकं उघडलं, एका भाल्यावर बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं. खेळण्याला टोक असता कामा नये, म्हणाल्या. टोक आहे म्हणजे हे खेळणं नाही. मग शस्त्र का? तर शस्त्र म्हणायला फार लहान. शोभेची वस्तू का? तर शोभेच्या वस्तूला रंग असतो, हे तर नुसतं करडं. मी म्हणालो, रंग मी देणार आहे. म्हणजे कच्चा माल, त्या म्हणाल्या, आणि कच्च्या मालाला कारखान्याचा परवाना लागतो. शेवटी आतून त्यांचे साहेब आले. त्यांनी खोक्यात डोकावलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या विरळ झालेल्या मुलखाकडे पाहिलं.

"मुलांसाठी का?"

"नाही. माझ्यासाठी."

साहेबांनी इतक्या हळुवारपणे शिक्का मारला की मला रडू यायचं बाकी राहिलं. 'जाऊ द्या यांना' असंही ते त्या बाईंना कुजबुजले. मी घोडदळ काखेत मारून बाहेर पडलो. जगात बरेच अपमान आहेत, पण कीव करून दिलेलं पार्सल हा वेगळाच प्रकार आहे.

रंगवण्याआधी सगळ्यांवर काळ्या रंगाचा एक फवारा मारावा लागतो, नाहीतर वरचा रंग धरत नाही. घरात फवारा मारायला बायकोची मनाई. मागे एकदा मी न्हाणीघरात मारला होता आणि दोन दिवस सगळ्यांच्या टूथब्रशला रंगाची चव येत होती. म्हणून मी घोडदळ एका फळीवर चिकटवून गच्चीवर नेलं. वारा नव्हता. मी बोट ओलं करून वर धरलं, नीट तपासलं, वारा नव्हता. मी डब्याची कळ दाबली आणि वारा आला.

गच्चीच्या पलीकडच्या टोकाला आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. होत्या म्हणजे पांढऱ्या होत्या.

सेक्रेटरी वर आले. त्यांनी चादरीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. ओरडले असते तर मला परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "गच्ची ही समाईक जागा आहे. इथे औद्योगिक काम करायला समितीची परवानगी लागते." मी म्हणालो, हे औद्योगिक नाही, हे घोडे आहेत. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली: 'गच्चीवर कोणत्याही आकाराचे घोडे नेण्यास सक्त मनाई आहे.' पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे ती वाचून वर आमच्या खिडकीकडे बघायला लागले. मी रीतसर अर्ज केला. समितीनं माझ्या अर्जावर विचार करायला उपसमिती नेमली. उपसमितीत कोण असावं यावर समितीत भांडण झालं. एकूण काय, तर काळा थर कसाबसा बसला होता, पण शेवटी संरक्षणासाठी जो पारदर्शक वार्निशाचा फवारा मारायचा असतो, तो आता राहिलाच. हे तेव्हा मला किरकोळ वाटलं. पुढे कळलं किती किरकोळ होतं ते.

चादरी बायकोनं धुऊन दिल्या. तिचं न बोलणं शेजारच्या घरात ऐकू जातं.

मग जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून मी रंगवायला बसलो. आणि खरं सांगतो, इथे मी सुखी असतो. खवल्यांच्या चिलखताला आधी काळपट तपकिरी रंग द्यायचा. मग ब्रशला चंदेरी रंग लावायचा आणि कापडावर पुसून पुसून तो जवळजवळ कोरडा करायचा. आता काही उरलंच नाही असं वाटलं की तो हलकेच चिलखतावरून फिरवायचा. खोलगट जागा काळ्याच राहतात आणि प्रत्येक खवल्याची नुसती कड चमकून उठते. मगाशी जो धातूचा गोळा होता तो एकदम कुणीतरी होतो. ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या पाण्याच्या मीटरचे आकडे तपासतो. तिथे कधी काही चमकून उठत नाही.

समोरच्या दारातले काका रोज सकाळी पेपर मागायला येतात. आम्ही त्यांना अनुभवीकाका म्हणतो, कारण जगातल्या सगळ्या गोष्टींचा त्यांना अनुभव आहे. त्यांनी एक घोडा उचलून डोळ्याजवळ नेला.

"घोडा चुकलाय."

"कुठे चुकलाय?"

"पळताना घोडा असा पाय टाकत नाही."

"काका, तुम्ही घोड्यावर बसला होतात का कधी?"

"बसायला कशाला पाहिजे? सबंध नोकरी रेसकोर्ससमोर काढली मी." मग त्यांनी खुर्ची ओढली. "हे शेवटी जिंकले का रे पण?"

"कधी जिंकले, कधी हरले. साम्राज्य मात्र बुडालं."

"मग बुडालेल्यांवर कशाला एवढी मेहनत घेतोस?"

मी पुढचा घोडा रंगवायला घेतला. काकांनी मात्र पेपर नेताना घोड्यांखाली अंथरलेलं पान तेवढं ओढून नेलं, कारण शब्दकोडं त्याच्यावर होतं. दोन स्वार आडवे झाले आणि त्यांच्या अंगरख्यांना त्या दिवशीच्या हवामानाचा अंदाज चिकटला.

डोळे रंगवणं हा तर एक वेगळाच छळ. सुईच्या टोकानं पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. माझा हात थोडा थरथरतो. परिणामी अख्खं घोडदळ चकणं झालं. झेंडेवाला आकाशात बघतो, तुतारीवाला शेजाऱ्याच्या कानात, आणि सेनापती स्वतःच्या नाकाकडे टक लावून बसलेला. बायकोनं भाजी निवडता निवडता त्याला उचललं आणि पहिल्यांदाच हसली. "अगदी तुमचे ऑफिसातले साहेब हो!" म्हणाली. त्यानंतर ती जाता-येता हळूच एखादा उचलून बघायची आणि मी पाहिलं की लगेच खाली ठेवायची.

त्याच आठवड्यात मेहुणी आणि साडू घरी आले. मेहुणी आली की आधी शोकेसकडे जाते. कप मोजते, बशा मोजते. "वापरत नाहीस ना ग? छान. जपून ठेव हं. असा सेट आता मिळत नाही." बायको म्हणाली, "कुठे वापरते, ताई." आणि स्वयंपाकघरात जाऊन झाकण जरा जोरात आपटलं. इकडे साडूनं माझ्या घोड्यांवर क्रीमच्या बिस्किटाचा भुगा सांडत पाहणी केली.

"उंदीर आहेत का रे?"

"घोडे आहेत."

"अस्सं! माझ्या हत्तींच्या पायाखाली काही फरक पडणार नाही म्हणा." मग बोटं चाटत म्हणाला, "सगळे चकतीवर पाहिजेत हं, माती-बिती सगळं. नियम म्हणजे नियम."

चकतीवर मातीसाठी काय वापरावं, हे मी औषधवाल्याला विचारलं होतं. त्याच्या चकत्या क्लबात नावाजलेल्या. तो इकडे-तिकडे बघत मला म्हणाला होता, "कुणाला सांगू नका. चहाचा चोथा! वाळवायचा, फेव्हिकॉलवर दाबायचा. पानगळीची जमीन हुबेहूब." मी घरी येऊन जाहीर केलं की आजपासून चोथा टाकायचा नाही. आमच्याकडे चहा पातेल्यात साखरेसकट उकळतो, आणि बायकोचा हात सढळ आहे. चोथा खिडकीत पेपरवर वाळत पडला. मी तो चकत्यांवर दाबून बसवला. काय सुंदर दिसत होतं ते! ओलसर काळी माती, त्यावर कुजकी पानं, आणि त्यावर उधळलेलं चकणं घोडदळ. वरून वार्निश मारलं असतं तर सगळं पक्कं झालं असतं, पण उपसमितीची बैठक अजून व्हायची होती.

शनिवारी बायको म्हणाली, "घरात कुठेतरी मुंग्या झाल्यात."

मी रंगाचे ब्रश धुता धुता तिला स्वच्छतेवर चार शब्द सुनावले. डबे घट्ट लावावेत, ओटा पुसावा, असं काहीतरी. ती ओटा पुसत राहिली. त्या चार शब्दांची आठवण झाली की आजही मी दुसऱ्या खोलीत जातो.

रविवारी खोकं छातीशी धरून मी क्लबात गेलो. पंचांनी भिंग काढलं. एकेक स्वार तपासला. चकतीची रुंदी मोजली, लांबी मोजली, चिलखत बघितलं, सेनापतीच्या डोळ्यांपाशी क्षणभर थबकले. मग माझ्या मातीकडे आले आणि भिंग तिथेच राहिलं. "उत्तम जमीन," ते म्हणाले. जमीन मोजणीतला माणूस जमिनीला उत्तम म्हणतो तेव्हा छाती फुगणारच. औषधवाला कोपऱ्यातून मला डोळा मारत होता.

लढाई सुरू झाली आणि मी हरायला लागलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. साडूचे हत्ती मधोमध चालत आले. माझं डावं घोडदळ मागे फिरलं, उजवं घोडदळ फासे वाईट पडल्यामुळे एका टेकडीवर जाऊन उगाच उभं राहिलं. साडू प्रत्येक चालीनंतर एक बिस्किट उघडायचा, क्रीम चाटायचा, आणि त्याच बोटांनी सेनापतीचा हत्ती पुढे सरकवायचा. हरलो तरी मी सभासद होणार होतो, फक्त लढाई पूर्ण व्हायला हवी होती. पण साडूसमोर असं तुडवून घेणं माझ्या जिवावर आलं होतं. कप्पा मिळेल, पण त्या कप्प्यासमोर उभं राहून हा माणूस जन्मभर बिस्किट खाणार.

टेबलावरचा दिवा चांगला तापला होता. तेवढ्यात माझ्या सेनापतीच्या चकतीतून एक मुंगी बाहेर आली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि ती परत आत गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग ती सगळ्यांना घेऊन बाहेर आली.

काय सांगू! प्रत्येक चकतीतून, प्रत्येक कुजक्या पानाखालून मुंग्या निघाल्या. माझं घोडदळ जे करू शकलं नव्हतं ते त्यांनी केलं. पलटणच्या पलटण रांगेनं हिरव्या कापडावरून निघाली आणि इराणी फौजेच्या मध्यभागी घुसली. तिथे होता सेनापतीचा हत्ती, सोंडेपासून शेपटीपर्यंत क्रीमनं माखलेला. बघता बघता करड्या हत्तीचा काळा हत्ती झाला. साडूला अजून पत्ताच नव्हता. तो माझ्याकडे बघत "काय रे, घाम फुटला?" असं म्हणत चाल करायला हत्तीकडे हात नेत होता. हात हत्तीवर पडला आणि मुंग्या हातावर चढल्या. मनगटावर चढल्या, बाहीत शिरल्या.

"आई गं!" साडू किंचाळला, आणि हत्ती मुठीत धरून थेट खिडकीकडे पळाला. तिथे तो हत्ती झटकायला लागला, मग बाही झटकायला लागला, मग एका पायावर नाचायला लागला. औषधवाल्याचा चेहरा उजळून निघाला. असा उजळलेला चेहरा मी फार दिवसांत बघितला नव्हता.

"पंच," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "सेनापती टेबलावरून उचलला गेलाय."

"मुंग्या आहेत त्या! चावतायत मला!" साडू ओरडला.

पंचांनी चष्मा वर केला. "नियमात कारणाचा उल्लेख नाही. गेल्या वर्षी तुम्हीच म्हणालात, कारणं ऐकत बसलो तर लढाया व्हायच्या कशा. सेनापती पळाला. इराणी फौज मोडली. लढाई पूर्ण."

मी जिंकलो! इतकी वर्षं उमेदवारी करून, चकण्या घोडदळानिशी, साडूला हरवून मी सभासद झालो! औषधवाल्यानं मला मिठी मारली. मग कानाशी येऊन पुटपुटला, "माझा चहा बिनसाखरेचा असतो हो. मला साखर चालत नाही. सांगायचं राहिलंच." मी त्याला माफ केलं. त्या घटकेला मी रोमन साम्राज्य बुडवणाऱ्यांनाही माफ केलं असतं.

पंचांनी हात मिळवला, अभिनंदन केलं, आणि कपाटाच्या किल्लीसाठी मी पुढे केलेल्या हाताकडे बघून खाकरले.

"सभासद झालात. कप्पाही तुमचा. पण हे घोडदळ त्यात ठेवता येणार नाही. शेजारच्या कप्प्यांत इतरांच्या फौजा आहेत. मुंग्या लागलेलं सैन्य कपाटात नको."

म्हणजे कप्पा मिळाला, पण रिकामा. मी खोकं परत छातीशी धरून निघालो. वाटेत दोनदा थांबून बाह्या झटकल्या. जिंकलेल्या माणसानं असं मान खाली घालून चालू नये, हे मला कळत होतं. पण खाली गल्लीत भंगारवाल्याची हाक ऐकू येत होती आणि जिन्याखालची घोड्यांना मनाई करणारी सूचना अजून तशीच होती.

बायकोनं दार उघडलं. खोक्याकडे पाहिलं.

"मिळाला नाही ना कप्पा?"

"मिळाला. पण यांना घेत नाहीत. चोथ्याला मुंग्या लागल्या. आपल्या चहात साखर असते ना." आणि मग खोकं तिच्यापुढे धरून मी म्हणालो, "काल उगाच बोललो तुला मुंग्यांवरून. दे हे खाली भंगारवाल्याला. मला आता वर-खाली नाचवत नाही."

"बसा आधी. हरलात का?"

"जिंकलो."

"भाऊजींना हरवलं तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. हत्तीपाशी आलो तसा तिनं पदर तोंडाला लावला. बाहीपाशी आलो तशी ती मटकन खुर्चीत बसली.

"एका पायावर?" तिनं विचारलं.

"एका पायावर."

"कसे हो? करून दाखवा."

मी करून दाखवलं. तिनं पुन्हा करायला लावलं. मग अनुभवीकाका पेपर द्यायला आले म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा केलं. काका म्हणाले, मुंगी चावल्यावर माणूस असा नाचत नाही, त्यांना अनुभव आहे. बायको डोळे पुसत उठली आणि शोकेसकडे गेली.

तिनं काचेचं दार सरकवलं. मला बुटांची सगळी खोकी टेबलावर रिकामी करायला लावली. मग एकेक कप काढला, कागदात गुंडाळला आणि त्यातल्या एका खोक्यात ठेवला. किटली दुसऱ्या खोक्यात. खोकी पलंगाच्या पोटात गेली. मग तिनं ओल्या फडक्यानं फळी पुसली आणि म्हणाली, "आणा इकडे तुमच्या त्या चकण्यांना. पुढे तुमच्या साहेबांना ठेवा. मला दिसले पाहिजेत."

"आणि मुंग्या?"

तिचं तेही ठरलेलं होतं. चार बशा तिनं बाहेरच ठेवल्या होत्या, सोनेरी काठाच्या, फुलाफुलांच्या. मी शोकेसचा एकेक पाय उचलून धरला, तिनं खाली एकेक बशी सरकवली आणि प्रत्येक बशीत तांब्यानं पाणी ओतलं. आता चोथा गोड असो की कडू, मुंगीला वर चढायला वाट नव्हती. दिवा लावला तसं आतलं प्रत्येक खवलं चमकून उठलं. मी बघतच राहिलो. माझ्या घरात, बैठकीच्या खोलीत, काचेआड, माझा कप्पा!

मग मला आठवलं.

"अगं, पण ताई आल्या की मोजतील ना?"

"मोजू दे की," बायको हात पुसत म्हणाली. "कप विचारले तर म्हणावं, जपून ठेवलेत. आणि बशा विचारल्या तर सांगीन, ताई, वापरायला काढल्या शेवटी."